मागी किती होते, ते लिहिलेलं नाही

ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिणारा विल्यम चॅटर्टन डिक्स पाळक नव्हता. ब्रिस्टलच्या सर्जनचा मुलगा, पुढे ग्लासगोत सागरी विमा कंपनीचा मॅनेजर. (वडिलांनी चॅटर्टन कवीचं चरित्र लिहिलं होतं, त्यावरून हे मधलं नाव.) मी फोर्टमध्ये मरीन क्लेम बघते, त्यामुळे हा माणूस मला आमच्याच खात्यातला वाटतो.

६ जानेवारी, मागींचा, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचा सण. विशीतला डिक्स आजारी होता, चर्चला जाणं शक्य नव्हतं. तेव्हा अंथरुणातच त्याने 'अ‍ॅज विथ ग्लॅडनेस मेन ऑफ ओल्ड' हे मागींवरचं गीत लिहिलं. १८६१ साली ते 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या गीतसंग्रहात आलं आणि सगळीकडे पोचलं.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की त्याने पदरचं काही घातलं नाही. नाताळच्या नाटकात आपण पोरांना सोनेरी कागदाचे मुकुट घालून तीन राजे उभे करतो, मागे पुठ्ठ्याचा उंट. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात राजे नाहीत, उंट नाही, तीन हा आकडाही नाही. पूर्वेकडून मागी आले, तारा पाहून हरखले, पाया पडले, सोनं, ऊद आणि गंधरस वाहिला. डिक्सही तेवढंच सांगतो. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरनेही गोदीत डोळ्यांनी पाहिलं तेवढंच रिपोर्टात लिहायचं असतं, ऐकीव काही नाही. बाळ येशूची गव्हाणी तेवढी डिक्सने लूकच्या शुभवर्तमानातून घेतली. मत्तयात मागी घरात जातात.

पहिल्या दोन कडव्यांत चार ओळी मागींच्या, मग दोन आपल्या: ते जसे आले, तसं आम्हालाही ने.

चाल जर्मनीचा संगीतकार कॉनराड कोखरची, संगीतकार विल्यम मंकने काटछाट करून बसवलेली. तिला नावही 'डिक्स'च पडलं, पण खुद्द डिक्सला ती आवडत नसे. इथे मी त्याच्या विरोधात आहे. पहिल्या दोन ओळींची चाल पुढच्या दोन ओळींना जशीच्या तशी येते, म्हणजे या दोन कडव्यांत मागींचा भाग संपेपर्यंत सूर तोच. पाचव्या ओळीला, जिथे आपली विनवणी सुरू होते, तिथेच चाल बदलते आणि अख्ख्या गीतातला सर्वांत वरचा स्वर लागतो. पहिल्या कडव्यात तो 'लॉर्ड' या शब्दावर येतो. क्वायरमध्ये नव्या मुलींना मी सांगते, चार ओळी श्वास राखून गा, पाचवीला तो सगळा लागणार आहे.