शेंगेन व्हिसा: बाकी सगळं सरळ, अडलं ते बँकेच्या शिक्क्यावर

आई-वडिलांचा जर्मनीचा व्हिसा हातात आला, तरी बँकेतल्या त्या काउंटरचा राग काही गेलेला नाही. ताई तिकडे असते. एप्रिल छाटणी आणि त्यानंतरची कामं उरकली की फळासाठीच्या गोडी छाटणीपर्यंत द्राक्षबागेतून थोडी सवड मिळते. त्या सवडीत जाऊन यायचं होतं. घरात शेती असलेल्या नाशिककरांना हीच अडचण येणार, म्हणून लिहितोय.

सोप्या गोष्टी आधी पटकन. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून (म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांतून) बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस लागतात, पण शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत लांबवता येतात. त्यामुळे तिकीट पक्कं करण्याची घाई करू नका, नुसतं आरक्षण पुरतं.

आता बँक. चेकलिस्टमध्ये साधी ओळ असते: शेवटच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह. काही देश सहा महिन्यांचं मागतात. पगारदाराला यात काहीच नाही, दर महिन्याला एक रक्कम जमा, संपलं. द्राक्षवाल्याचं तसं नसतं. पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल, तोही दोन-चार मोठ्या रकमांत. अर्ज जूनमध्ये केला तर ते तीन महिने म्हणजे एक-दोन जमा आणि पुढे नुसता खर्च: मजुरी, औषधं, खतं, वीजबिल. कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याला वाटणार, या माणसाला उत्पन्नच नाही. आणि एप्रिलची मोठी रक्कम दिसलीच तर वाटणार, व्हिसासाठी कोणाकडून तरी घेऊन खात्यात टाकलीय. दोन्हीकडून मार.

म्हणून मागितलं तीन महिन्यांचं असलं तरी द्या बारा महिन्यांचं. मागचा अख्खा हंगाम त्यात दिसला पाहिजे. प्रत्येक मोठ्या जमा रकमेसमोर पेन्सिलीने आकडा टाका आणि त्याच आकड्याने व्यापाऱ्याची हिशोबपट्टी जोडा. कांदा असेल तर बाजार समितीची पट्टी. पट्टीवरची रक्कम आणि खात्यातली रक्कम जुळत नसेल, म्हणजे हमाली-तोलाई वजा झाली असेल किंवा व्यापाऱ्याने दोन हप्त्यांत पैसे दिले असतील, तर ते एका ओळीत लिहा. रोख भरलेल्या रकमेवर पहिली शंका येते. तेव्हा पुढच्या वर्षी कोणाला पाठवायचं मनात असेल तर या हंगामापासूनच व्यापाऱ्याला आरटीजीएस करायला सांगा.

हे सगळं घरात बसून होतं. शिक्का मात्र शाखेतच मिळतो. आमच्या शाखेचं म्हणणं, 'ऑनलाइन काढा, त्यावर सही-शिक्का लागत नाही असं खालीच छापलेलं असतं.' छापलेलं असतं हे खरं, पण चेकलिस्ट मागते शिक्का. घरून छापून नेलेल्या पीडीएफवर बँक शिक्का मारत नाही, आणि यात त्यांचंही चुकत नाही, कागद तुमच्या प्रिंटरचा आहे. त्यांनीच छापायचं म्हटलं तर बारा महिन्यांची पानं, दर पानाचे पैसे, प्रिंटरची शाई संपलेली, आणि सही करणारे साहेब कधी मीटिंगला, कधी कर्जवसुलीला. शिक्का टेबलावर उताणा पडलेला दिसत असतो, पण ज्याच्या कुलपात शाईचं पॅड आहे तो माणूस जेवायला गेलेला असतो.

त्यावर उपाय असा सापडला. तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या. अर्जात खातेक्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कशासाठी, आणि 'प्रत्येक पानावर शाखेचा गोल शिक्का व अधिकाऱ्याची सही' हे शब्द जसेच्या तसे लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की काउंटरवरचा आवाज बदलतो. शिक्क्यात शाखेचं नाव वाचता आलं पाहिजे, सहीखाली अधिकाऱ्याचं नाव किंवा कर्मचारी क्रमांक हवा. फक्त शेवटच्या पानावर शिक्का मारून हातात ठेवतात, तो तिथेच परत करा. महिनाअखेर आणि पेन्शनचे पहिले दिवस टाळा. आणि अपॉइंटमेंटची तारीख मिळाल्यावरच स्टेटमेंट काढा. आधी काढलं तर केंद्रात जाईपर्यंत शिळं होतं आणि हा सगळा सोहळा पुन्हा करावा लागतो.

पासबुकाची झेरॉक्स त्याऐवजी चालेल असं समजू नका. पतसंस्थेतली ठेव जादा पुरावा म्हणून जोडा, पण तिच्या भरवशावर राहू नका. मुदत ठेवीचं प्रमाणपत्रही स्टेटमेंटची जागा घेत नाही, कारण बघणाऱ्याला शिल्लक तर बघायची असतेच, पण पैसा येतो-जातो कसा हेही बघायचं असतं.

आयकराचंही असंच. शेतीचं उत्पन्न करमुक्त (१९६१च्या आयकर कायद्यात कलम १०(१)), त्यामुळे बऱ्याच घरांत रिटर्नच नसतं. नसेल तर कव्हर लेटरमध्ये लागू असलेल्या कलमासकट तसं लिहा. भरायचंच असेल तर सीएला आधी सांगा, कारण शेतीचं उत्पन्न ५००० रुपयांच्या वर असलं की आयटीआर-१ चालत नाही.

सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचे काढा. सातबाऱ्याला १५ रुपये पडतात, तलाठ्याच्या सहीसाठी थांबावं लागत नाही. दोन्ही उतारे मराठीत, म्हणून इंग्रजी भाषांतर जोडा, खाली भाषांतर करणाऱ्याची सही आणि तारीख. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच राहू द्या. एकर करायला गेलात तर मूळ कागदाशी आकडा जुळणार नाही. नावं नीट बघा: पासपोर्टवर 'सुमन' आणि उताऱ्यावर 'सुमनबाई' असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून टाका. तहसीलच्या आवारात ते सहज होतं.

तिकडून बोलावणारा माणूस खर्चाची हमी घेणार असेल तर जर्मनीत परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून रीतसर हमीपत्र मिळतं, त्याची फी २९ युरो. मूळ प्रतच लागते आणि ती सहा महिन्यांच्या आत वापरावी लागते, म्हणून कुरिअरचे दिवस धरून चाला. हमीपत्र आहे म्हणून शेतीचे कागद गाळू नका. हमीपत्र सांगतं की खर्च कोण करणार. परत का येणार, हे बाग सांगते. नकाराच्या छापील फॉर्मवर 'परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका' हा वेगळा रकानाच आहे.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. सत्तरीपुढच्यांसाठी काही पॉलिसींत रक्कम गुपचूप कमी केलेली असते, तो तक्ता वाचा.

अपॉइंटमेंट केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. 'स्लॉट मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्यासारखं त्यात काही नाही, पहाटे आणि रात्री उशिरा बघत राहिलं की रद्द झालेल्या जागा दिसतात. मुंबईला जायचं तर वेळ दुपारची घ्या. पंचवटी एक्सप्रेसने निघालात तर दादरलाच दहा वाजून जातात. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, पण एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात. मेंदी ताजी असेल किंवा बागेतल्या कामाने बोटं घासली गेली असतील तर मशीन ठसा घेत नाही. आठवडाभर आधीपासून रात्री खोबरेल तेल लावा.

फोटोचं राहिलंच. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. स्टुडिओवाला सवयीने सुरकुत्या पुसून चेहरा गोरा करतो, त्याला आधीच थांबवा.

पासपोर्ट परत आला की पाकीट फोडून लगेच स्टिकर वाचा: नावाचं स्पेलिंग, पासून-पर्यंतच्या तारखा, किती वेळा प्रवेश आणि किती दिवस. तारखांची मुदत मोठी आणि दिवस कमी असं बहुतेक वेळा असतं. राहायचं ते दिवसांच्या आकड्याप्रमाणे, उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजून. आणि या सगळ्या कागदांचा एक संच हातातल्या पिशवीत ठेवा, विमानतळावरचा अधिकारी पुन्हा मागू शकतो.