आमची वाटचाल : दोन टाक्या, दोन तापमानं

गंगापूर रोडवर आम्ही पाण्यातल्या व्यायामाचं केंद्र काढलं ते गुडघे आणि कंबरदुखीसाठी. मी फिजिओथेरपिस्ट, भावाचं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. त्यामुळे रॅम्प, कठडे, खुर्चीसकट माणसाला पाण्यात सोडणारा पाळणा, सगळं घरचंच. पाणी ३३-३४ अंशांवर ठेवायचो. आखडलेल्या सांध्यांना तेच मानवतं, आणि नाशिकच्या थंडीत तर लोक त्यातून बाहेर यायला तयार नसत.

मग एका न्यूरॉलॉजिस्टनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या, पेशंटबद्दल विचारलं. त्यांची पहिली अट होती, पाणी कोमट नको.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण पोखरते. उघड्या पडलेल्या नसेतून संदेश कसाबसा जातो, आणि अंग अर्ध्या अंशाने तापलं तरी अडखळतो. नजर धूसर होते, पाय जड होतात. विल्हेल्म उहटॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवलं. अंग निवलं की त्रास ओसरतो हे खरं, पण भर टाकीत पाय गळाले तर माणूस पुन्हा पाण्यात उतरायला धजत नाही. म्हणून यांच्यासाठी पाणी २७ ते २९ अंश. व्यायामाने अंगात तयार होणारी उष्णता असं पाणी झटकन ओढून घेतं.

एका टाकीत हे दोन्ही जमत नाही. एवढं पाणी सकाळी २८ आणि दुपारी ३४ होत नसतं. ‘मधलं ३१ ठेवा, सगळ्यांचं भागेल,’ असा सल्ला पुष्कळांनी दिला. गुडघेवाल्यांचे सांधे नीट मोकळे होईनात आणि एमएसवाले लवकर दमतील, अशा पाण्याचे पैसे घेणं मला पटेना. कर्ज काढून दुसरी, लहान टाकी बांधली. नाशिकमध्ये असे पेशंट असून असून किती, असं बँकेतल्या साहेबांनी विचारलं, आणि ते रास्तच होतं. युरोपाच्या मानाने आपल्याकडे हा आजार कमी. पण होतो तो बहुधा विशी ते चाळिशीत, आणि बायकांना पुरुषांच्या दुपटीने तरी जास्त. नोकरी, लेकरं, संसार ऐन भरात असताना.

छातीइतक्या पाण्यात पायांवर जेमतेम एक तृतीयांश भार येतो. जमिनीवर काठीशिवाय पाऊल न टाकणाऱ्या ताई इथे आडव्या चालतात, एका पायावर उभ्या राहतात. तोल गेला तरी पाणी सावकाश पाडतं, सावरायला वेळ मिळतो. ‘मॅडम, पडायची धास्ती गेली की पाय ऐकतात,’ असं सिडकोतल्या एक काकू म्हणतात.

अवघड असतं ते बाहेर येणं. सगळं वजन एकदम परत पायांवर येतं. म्हणून रॅम्पच्या तोंडाशी खुर्ची, शॉवरला गरम पाणी नाही, आणि निघण्याआधी पंख्याखाली निवांत विश्रांती. नजर अधू असणाऱ्यांसाठी पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी. एमएसमध्ये लघवीची घाई पुष्कळांना होते, म्हणून मधली भिंत पाडून स्वच्छतागृह टाकीला लागून घेतलं. हा खर्च मला सर्वांत मोलाचा वाटतो.

रिलॅप्स (म्हणजे एमएसने नव्याने उचल खाल्लेली असणं), ताप, जंतुसंसर्ग किंवा उघडी जखम असेल तर पाण्यात घेत नाही. गोळ्या-इंजेक्शनं सोडून नुसतं इथे यायचं म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. व्यायामाने आजार जात नाही. ताकद, तोल, थकवा यांत फरक पडतो, आणि घरात वावरताना तो कळतो.

या टाकीचं वीजबिल मात्र उलटं चालतं. एप्रिल-मेमध्ये चिलर लागतो. वर शेडनेट टाकलंय, बागायतदार वापरतात तसलंच. थंडीत थोडी ऊबही द्यावी लागते, कारण फार गार पाण्यात पाय ताठरतात. उन्हाळ्यात एमएसची बॅच सकाळी लवकर उरकतो, परतताना ऊन लागायला नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, हे कित्येक घरांना ठाऊकच नसतं. प्रमाणपत्राचा अर्ज भरायला आमची रिसेप्शनवरची मुलगी मदत करते. सध्या अडचण आहे ती येण्याजाण्याची. रिक्षात चढणंच काहींना जमत नाही. भाऊ एका जुन्या व्हॅनला मागून रॅम्प बसवतोय. दिवाळीनंतर सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड अशी फेरी सुरू करायची आहे.