पक्ष कुणाचा, हे मोजायचं कशानं?

17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, ते 55 पैकी 40 आमदार आणि 18 पैकी 13 खासदार त्यांच्याकडे आहेत म्हणून. जेमतेम वर्षानं, 6 फेब्रुवारी 2024 ला, राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ विधिमंडळातल्या बहुमताच्या त्याच निकषावर अजित पवारांकडे गेलं. कुणी गद्दारी म्हणालं, कुणी उठाव. तो वाद घरोघरी झाला, आमच्या वकिलांच्या बाररूममध्येही झाला. मला मात्र वेगळीच गोष्ट सलते. दोन्ही वेळा पक्षाचा साधा सभासद कुणी मोजलाच नाही.

पूर्वीचे बंडखोर वेगळा गट काढून मोकळे व्हायचे. आता प्रत्येक जण ‘मूळ पक्ष आम्हीच’ म्हणतो, त्यामागे कायदा आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य होती. 1991 मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा हीच तरतूद होती. 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीनं ती काढून टाकली. उरलं फक्त दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. ज्याला दुसऱ्या पक्षात विलीनही व्हायचं नाही आणि आमदारकीही गमवायची नाही, त्याच्यापुढे एकच वाट राहते: आम्ही फुटलो नाही, पक्षच आमच्याकडे आहे. पक्षांतर थांबावं म्हणून केलेल्या दुरुस्तीनं अख्खा पक्षच उचलून न्यायची गरज निर्माण केली.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, नोटरीही आहे. या दोन्ही फुटींच्या काळात माझ्या टेबलावर कार्यकर्त्यांच्या प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे येत होते. दोन्ही पक्षांचे आणि चारही गटांचे लोक. शंभराचा स्टॅम्प, आधारची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि मजकूर ठरलेला: मी या पक्षाचा सदस्य असून अमुक यांच्या नेतृत्वावर माझा विश्वास आहे. नोटरीला पक्ष नसतो. मी ओळख पटवून रजिस्टरला सही घ्यायचो, शिक्का मारायचो.

एक काका आले होते, सत्तरी उलटलेले. टायपिस्टनं विचारलं, ‘‘गट कोणता टाकू?’’ तर म्हणाले, ‘‘गट कसला ताई, पक्षाचं नाव टाका ना.’’ पुरावा म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सभासदत्वाच्या जुन्या पावत्या काढल्या. कडा पिवळ्या पडलेल्या, एकीवर तेलाचा डाग, पण तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या. त्यातली कुठली जोडायची हे पाहताना मी सहज विचारलं, ‘‘काका, पक्षात कधी मतदान केलंत का? तालुकाध्यक्ष निवडायला वगैरे?’’

‘‘नाव वरून यायचं,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही हार घालायचो.’’

हे उत्तर कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्यानं दिलं असतं, म्हणून त्यांचा पक्ष मी सांगत नाही. आयोगाच्या निकालात नेमकी हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आहे. अशा वादात संघटनेतलं बहुमतही तपासता येतं. शिवसेनेच्या बाबतीत आयोग म्हणाला की आमच्याच आग्रहावरून 1999 मध्ये पक्षाच्या घटनेत आणलेली लोकशाही कलमं 2018 च्या बदलांनी मोडीत काढली गेली. ते बदल आयोगाकडे रेकॉर्डवरही नव्हते. पदाधिकारी निवडणुकीशिवाय नेमलेले, त्यामुळे संघटनेतल्या बहुमताला भरवशाचा आधार धरता येईना. म्हणून शेवटी पारडं आमदार-खासदारांच्या आकड्यांनी ठरलं. लाखांच्या घरातली प्रतिज्ञापत्रं गोळा झाली, दिल्लीला गेली, आणि निकाल त्यांच्यावर लागलाच नाही. मला हा निकाल पटत नाही, पण पक्षांनी आयोगाच्या हातात मोजायला दुसरं काही ठेवलं नव्हतं, हेही नाकारता येत नाही.

असं नेहमीच नव्हतं. 1969 मध्ये काँग्रेस दुभंगली तेव्हा आयोगानं खासदार-आमदारांबरोबर अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्यही मोजले होते. सादिक अली खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. आजही चिन्हाच्या प्रत्येक भांडणात त्याच निकालाचा हवाला दिला जातो. आणि पक्षांतर्गत निवडणूक हरूनही माणूस पक्षात राहतो, याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. 1997 मध्ये शरद पवार काँग्रेस अध्यक्षपदासाठी सीताराम केसरींविरुद्ध लढले, मोठ्या फरकानं हरले, आणि तरी पक्षातच राहिले. 1999 ला ते वेगळे झाले ते दुसऱ्या मुद्द्यावर. ऑक्टोबर 2022 मध्ये मल्लिकार्जुन खर्गे 7,897 मतं मिळवून काँग्रेस अध्यक्षपदी निवडून आले, शशी थरूर यांना 1,072 मतं पडली. निकाल काय लागणार हे साऱ्यांना माहीत होतं, मतदारही फक्त प्रतिनिधीच होते. तरी ज्या नाराजांना मत नोंदवायचं होतं, त्यांचं मत आकडा होऊन कागदावर आलं. नाराजीला अशी जागा मिळाली नाही की ती रातोरात बस आणि विमानं शोधते.

‘जनतेच्या न्यायालयात’ फैसला होईल, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. जनतेनं काय सांगितलं? 2024 च्या लोकसभेत ठाकरे गटाला 9, शिंदे गटाला 7 जागा. शरद पवार गटाला 8, अजित पवार गटाला 1. सहा महिन्यांत विधानसभेला शिंदे 57, ठाकरे 20; अजित पवार 41, शरद पवार 10. मतदारानं दोन वेळा दोन कौल दिले, कारण तो सरकार निवडत होता. पक्षाची मालकी ठरवणं हे त्याचं काम नाही. त्यातही साताऱ्याची लोकसभा पाहा. शरद पवार गटाचं नवं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि यंत्रावर एका अपक्षापुढे पिपाणी. अपक्षाला सुमारे 37 हजार मतं पडली, तुतारीवाला उमेदवार सुमारे 33 हजारांनी हरला. ती सगळीच मतं चुकून गेली असं मी म्हणणार नाही. पण नवं चिन्ह घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्त्याला चिन्ह जाणं म्हणजे काय, हे त्या आकड्यात दिसतं.

फुटीत ज्यांनी पक्ष जिंकला त्यांनी तरी निर्धास्त का राहावं? त्यांचा हक्क आमदारांच्या संख्येवर उभा आहे, आणि आमदार ज्या वाटेनं आले ती वाट परत जायलाही मोकळी आहे. ज्यांनी गमावला, त्यांनी नवा पक्ष पुन्हा नेमणुकांवरच चालवला तर पुढच्या फुटीतही तेच होईल. घराण्यावर चालणारा पक्ष असो की हायकमांडवर, सभासदांची तपासता येणारी यादी आणि झालेल्या निवडणुकांच्या नोंदी नसतील तर तो कधीही बाहेरचा माणूस न येता आतूनच नेता येतो. मला पुढच्या दहा वर्षांत महाराष्ट्रात आणखी फुटी दिसतात. कुणाच्या, ते सांगण्यात मला रस नाही.

कायदा बदलायला हवाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 29 अ कलमाखाली आयोग पक्षांची नोंदणी करतो, पण पक्षानं स्वतःची घटना पाळली नाही म्हणून ती रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच सांगितलंय. रद्द करणं टोकाचंच आहे, ते मलाही नको. पण अंतर्गत निवडणूक न घेणाऱ्या पक्षाचं राखीव चिन्ह निलंबित करता येईल अशी तरतूद संसद करू शकते. पक्ष ती आपणहून आणणार नाहीत, म्हणून दबाव खालूनच यायला हवा.

माझ्याकडे येणाऱ्या कार्यकर्त्यांना मी हल्ली हेच सांगतो, मग ते कुठल्याही झेंड्याचे असोत. सभासद नोंदणीचं पावती पुस्तक हातात येईल तेव्हा पक्षाची घटनाही मागून घ्या. पक्षांच्या घटना आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. तालुकाध्यक्ष कसा निवडायचा ते कलम काढा आणि ही निवडणूक मागं कधी झाली, असं पुढच्या बैठकीत उभं राहून विचारा. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या आणि सहीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.