आइसलँडमधलं माझं पहिलं मत, दोनदा मोजलेलं

भारतीय पासपोर्ट जमा करून आइसलँडचं नागरिकत्व घेतलं आणि २५ सप्टेंबर २०२१ ला पहिल्यांदा इथल्या संसदेसाठी, म्हणजे आल्थिंगसाठी मतदान केलं. मी राहते आक्रानेसला. हे गाव वायव्य मतदारसंघात येतं, आणि त्या वर्षीचा सगळा घोळ नेमका आमच्याच मतदारसंघात व्हायचा होता.

मतदानाला काहीच वेळ लागला नाही. ओळखपत्र म्हणून लायसन्स दाखवलं, रस्त्याच्या नावावरून खोली शोधली. मतपत्रिका मात्र उघडता उघडेना! दहा पक्ष, प्रत्येकाचं एक अक्षर आणि त्याखाली सोळा-सोळा नावं. मतदारसंघात तेव्हा जागा आठ होत्या, म्हणून यादीत दुप्पट माणसं. बटण नाही, शिक्का नाही. शिसपेन्सिलीने अक्षरापुढे फुली मारायची. आपल्या पक्षाच्या यादीतलं न आवडणारं नाव खोडता येतं, क्रमही बदलता येतो. हे मला फार आवडलं. दुसऱ्या पक्षाच्या एका उमेदवारावरही पेन्सिल फिरवायची फार इच्छा होती, पण शेजारच्या आजींनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "दुसऱ्या यादीला हात लावलास की मत बाद." हात आवरला. आपल्याच यादीतलं एक नाव खोडलं, घडी घालून पेटीत टाकलं. मग एका पक्षाच्या कार्यालयात फुकटची कॉफी आणि केक. मत कुणालाही द्या, केक मिळतो.

"शाई दाखव," आई व्हिडिओ कॉलवर. बोट कोरं बघून ती हिरमुसली.

रविवारी सकाळी उठले तर बातमी: ६३ पैकी ३३ बायका! युरोपात पहिल्यांदाच संसदेत बायकांचं बहुमत. लगेच आईला फोन. तिने मिरजेत अख्ख्या सोसायटीला सांगितलं.

संध्याकाळी आकडा ३० वर आला. आमच्या मतदारसंघाची मोजणी बोर्गार्नेसच्या एका हॉटेलात झाली होती. एका पक्षाच्या गठ्ठ्यात दुसऱ्यांच्या मतपत्रिका सापडल्या, म्हणून सगळ्या परत मोजल्या. फरक थोड्या मतांचा. पण ६३ पैकी ९ जागा देशभरातल्या मतांचं प्रमाण जुळवायला ठेवलेल्या असतात, त्यामुळे इथे चार कागद सरकले की पार रेक्याविकपर्यंत खुर्च्या हलतात. पाच जण आत आले, पाच बाहेर गेले. पक्षांच्या जागा मात्र जशाच्या तशा. वर कळलं, की दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात मतपत्रिका सीलबंद नव्हत्या. पोलीस चौकशी, तक्रारी, संसदेची समिती, सगळं झालं. मी मनातल्या मनात माझी ती खोडलेल्या नावाची पत्रिका शोधत होते, कुणाच्या हातातून कुठे गेली असेल म्हणून.

शेवटी २५ नोव्हेंबरला आल्थिंगनेच मतदान घेऊन दुसरी मोजणी ग्राह्य धरली. फेरमतदान नाही.

आईला तीस झाल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. "आता परत कोण सांगत बसणार सगळ्यांना," म्हणाली. आमच्या सोसायटीत अजून तेहतीसच आहेत.