नळाचा दिवस, करंजाचा दिवस

आमच्या जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मधे काही दिवस जातात. पाणी आलं की पिंपं, हंडे, टाकी भरायची धांदल. त्यातूनच दोन बादल्या मी दारातल्या करंजासाठी बाजूला काढते. गेल्या पावसाळ्यात लावलेला, त्याचा हा पहिलाच उन्हाळा. आणि माझं ठाम मत आहे की अंग धरू लागलेल्या झाडाला नळाचं हे वेळापत्रक मानवतं.

रोज तांब्याभर शिंपडलं तर वरची दोन बोटं माती ओली होते आणि दुपारपर्यंत सुकूनही जाते. मुळंही मग ओलाव्यासाठी वरच राहतात, माती सगळ्यात जास्त तापते तिथेच. खोलवर मुरलेलं पाणी त्यांना खाली ओढून नेतं.

आपल्या काळ्या मातीत मात्र हे सबुरीनं करावं लागतं. उन्हानं तिला भेगा पडतात, त्यात बारीक मुळं तुटतात, आणि भसकन बादली ओतली तर पाणी भेगेतून भलतीकडेच निघून जातं. म्हणून मी आधी भेगांमध्ये भुसभुशीत माती आणि कुजलेलं शेणखत भरते. मग थोडंसं पाणी देऊन माती फुगू देते, आणि बाकीचं संध्याकाळी सावकाश सोडते. आळं खोडाला चिकटून नाही, हातभर लांब गोल केलंय. झाड वाढेल तसं ते बाहेर सरकवायचं.

परवा भर दुपारी शेजारच्या काकू फाटकातून म्हणाल्या, "वहिनी, पानं मान टाकलीत की ओ, पाणी घाला!" मी त्यांना सकाळी बघायला बोलावलं. सकाळी पानं ताठ होती. पारा बेचाळीसच्या वर गेला की मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडतं, म्हणून दुपारी ती लोंबतात. सकाळीही लोंबलेली दिसली तर काळजी करायची. तेव्हाही आधी खुरप्यानं वीतभर खणून माती मुठीत दाबून बघावी. लाडू वळला तर ओल आहे, थांबावं. काळ्या मातीत पाणी साचलं तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि पानं तशीच मान टाकतात. असं झाड पाण्यावाचून वाळतंय समजून लोक आणखी पाणी घालतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आळ्यात चार बोटं जाडीचं आच्छादन आहे, उसाचं पाचट आणि समोरच्या कडुलिंबाचा पाला. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवलीय, नाहीतर वाळवी खोडाला लागते. पश्चिमेच्या बाजूला दोन काठ्यांना जुनी चादर बांधलीय, कारण कोवळी साल तिसऱ्या प्रहराच्या उन्हानं भाजून तडकते. खालच्या फांद्याही त्याच कारणानं छाटलेल्या नाहीत, त्यांची सावली खोडावर पडते.

भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी मी खुशाल घालते. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी घालत नाही, त्यात क्षार जास्त असतात. युरियाही नाही. खतानं कोवळी पालवी फुटते आणि ती या उन्हात करपते. खत घालायचं ते मृगाचा पाऊस जमिनीत चांगला मुरल्यावर.