चार बोटं

सुरीन, रात्री साडेनऊ

पाय दुखताहेत. फनोम रुंगचा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, त्याच्या माथ्यावर कंबोडियाच्या ख्मेर राजवटीतलं शिवालय. वर जाणारी १६० मीटरची वाट चक्क जांभ्याची! थायलंडात येऊन कोकणातल्या अंगणात चालल्यासारखं वाटलं.

गाभाऱ्याच्या पूर्वेच्या दारावर, आपल्याकडे गणेशपट्टी असते तिथे, शेषशायी विष्णू. वर नाचणारा शिव. विष्णूची ही शिळा १९६०च्या दशकात चोरीला गेली, शिकागोच्या संग्रहालयात सापडली आणि १९८८मध्ये परत आली. शेजारच्या थायी कुटुंबाला मी खुणांनी ब्रह्मदेव दाखवला. उगाच मालकीण असल्यासारखी!

मग प्रदक्षिणेला निघाले आणि अडले. समोर दगडी पन्हळ, पिंडीवरचं पाणी बाहेर नेणारं सोमसूत्र. आता तिथे ना पाणी, ना पुजारी. थायी पोरं ते ओलांडून पळत होती. माझा पाय काही उचलेना. मुकाट मागे फिरले. आजी असती तर म्हणाली असती, शहाणी आहेस.

दुपारी था सावांग गावात. पैठणी पाहत वाढलेय, माग मला काय नवा, अशा तोऱ्यात गेले. तो माग दोन माणसं उंच. ताण्याचे धागे उचलायच्या दोऱ्यांचे संच १,४१६. एका मागावर चार-पाच जणी. धोटा टाकणारी दिसते. पण खाली खड्ड्यात एक बाई बसलेली, वरून फक्त तिचे हात दिसतात. वरची त्या दोऱ्यांतल्या काड्या सोडते, ती खालून झेलते. कुणी हाक मारत नाही, तरी हात चुकत नाही. बोलल्याच तर ख्मेरमध्ये. इथल्या कित्येकांच्या घरची भाषा तीच. दिवसभरात कापड किती? सहा-सात सेंटीमीटर. म्हणजे माझी चार बोटं.

ते जरीचं कापड माझ्या खिशाबाहेरचं. रस्त्यावरच्या दुकानात ‘मडमी’ या थायी विणीचा रेशमी स्कार्फ घेतला. यात विणण्याआधीच बाण्याचा धागा बांधून रंगवतात, म्हणून नक्षीची कड किंचित थरथरल्यासारखी दिसते. दुकानदारीणबाईंनी वर वाटीभर तळलेले रेशीमकिडे पुढे केले. कोष उकळून धागा काढला की ते असे खातात, वाया काही जात नाही. मी छातीवर हात ठेवून नको म्हटलं. त्यांनी एक तोंडात टाकला, माझ्या खांद्यावरच्या रेशमाकडे बोट केलं आणि खळखळून हसल्या.