आमची वाटचाल: फुलपात्रापासून काट्यापर्यंत

आमचा लोणच्यांचा व्यवसाय कऱ्हाडच्या घरात, सासूबाईंच्या वहीवर सुरू झाला. वहीतली मापं सगळी फुलपात्राची आणि वाटीची. तेल दोन फुलपात्रं, काकवी चार वाट्या. घरापुरतं करताना त्यात कधी खोट आली नाही, कारण फुलपात्र एकच होतं आणि ओतणारा हातही एकच. मागणी वाढली, मदतीला तिघीजणी आल्या. मग कुणी भांडं शिगोशीग भरायची, कुणी बोटभर रिकामं ठेवायची, आणि प्रत्येक लॉटची चव वेगळी लागायची. म्हणून आधी लिटरचं माप आणलं, पुढे इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. चूक झाली ती इथे, आणि ती माझी.

लिंबाच्या गोड लोणच्याला १० किलो लिंबांमागे ८ लिटर काकवी, हे आमचं प्रमाण. काटा आल्यावर मी कागदावर ‘काकवी ८ किलो’ लिहून दिलं. लिटर म्हणजेच किलो, हे पाण्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काकवी मात्र पाण्याहून खूप जड. आमच्या गुऱ्हाळाची काकवी लिटरमागे १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे हवी होती ११ किलोंहून जास्त, पडली ८. गोड लोणचं टिकतं ते साखरेच्या जोरावर. ती कमी पडली की पाणी मोकळं राहतं आणि लोणचं आंबतं. तिसऱ्या आठवड्यात झाकणं फुगली, बरणी उघडली की वर फेस. तो सगळा लॉट आम्ही टाकून दिला. विकलेल्या बरण्या घरोघर जाऊन परत आणल्या आणि पैसे दिले. त्या दिवसांत मला रात्री झोप लागत नसे.

मग आठवडाभर आम्ही फक्त मोजत बसलो. रिकामं पातेलं काट्यावर ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, त्यात एक लिटर ओतायचं, वजन लिहायचं. प्रत्येक पदार्थ तीनदा. काकवीला हे चालेना, कारण मापाच्या कडेला आणि तळाला जाड थर चिकटून राहायचा. उलटं धरून कितीही वाट पाहिली तरी तो उतरेना. मग रिकामं माप काट्यावर ठेवून त्यातच काकवी भरली, तेव्हा खरा आकडा मिळाला. चिकटणारी काकवी इतकी वर्षं प्रत्येक मापामागे वाया जात होती, हेही तेव्हाच कळलं.

भिंतीवर तक्ता लागला. एका लिटरला पाणी १००० ग्रॅम, दूध १०३०, शेंगदाणा तेल ९१०, मध १४०० च्या वर. तुपाचं माप आम्ही बंदच केलं. थिजलेलं तूप वाटीत दाबून भरलं तर एक, सैल भरलं तर दुसरं; वजनाला तो प्रश्नच नाही.

तेलाने खरेदीचं गणितही शिकवलं. बाजारात १५ किलोचा डबा मिळतो आणि १५ लिटरचाही. लिटरच्या डब्यात तेल साधारण १३ किलो ६५० ग्रॅमच असतं. डब्याचा भाव ऐकून आम्ही बरेच महिने स्वस्त समजून लिटरचाच घेत होतो. आता भाव किलोवर आणूनच बोलणी करतो. शिवाय तेल तापलं की फुगतं. सोयाबीन तेलाचं एका लिटरचं वजन २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९३ च्या आसपास. म्हणून फोडणीचं तेल आम्ही गॅसवर चढवण्याआधीच तोलतो, कढईतून मापाने काढत नाही.

काकवीचा आकडा मात्र तक्त्यावर कायमचा लिहिलेला नाही. गुऱ्हाळावर ती किती आटवली यावर वजन बदलतं, म्हणून प्रत्येक नवा डबा उघडला की एक लिटर तोलायचा आणि तारखेसह खडूने लिहायचा. चिंचेच्या कोळाचंही तसंच; पाणी किती घातलं त्यावर सगळं. सध्या आम्ही कोळ तोलण्याऐवजी सुकी चिंच आणि पाणी वेगवेगळं तोलून घेतो. यंदाच्या चिंचेच्या चटणीचे पहिले तीन लॉट त्यामुळे एका चवीचे उतरले आहेत.